वेणा अजून चालू आहेत

आमच्या ह्यांच्या हातातून पहिल्यांदा खडू पडला तेव्हा वर्गातली पोरं हसली आणि हेही हसले. घरी आल्यावर मला म्हणाले, "आज फळ्यापाशी खडू धरवेना. म्हातारा झालो वाटतं." पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. बायकांची बाळंतपणं करणं, लेकरांना लसी टोचणं हे माझं रोजचं काम. मानेतली नस दबली असेल असं मीच त्यांना सांगितलं आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली.

बार्शीपलीकडच्या आमच्या वाशीच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. लग्नाआधी ते फादर व्हायला निघाले होते. सेमिनरीत चार वर्षं काढली आणि परत आले. का आलात, असं मी विचारलं की म्हणायचे, "देवाशी काही भांडण झालं नव्हतं. बेडकांवर जीव जडला, त्याला मी काय करू?" मग बीएस्सी केली, बीएड केलं आणि मास्तर झाले. आमच्या वस्तीत ख्रिस्ती घरं म्हणाल तर चार. पत्र्याची एक खोली, तिच्यावर लाकडी क्रूस, ते आमचं देऊळ. महिन्यातून एका रविवारी लांबून फादर यायचे आणि मिस्सा, म्हणजे आमची मोठी उपासना, व्हायची. बाकीच्या रविवारी हेच पोरांना गोळा करून बसवायचे.

त्या पोरांसाठी घरात हाडांचा एक खोका होता. शेळीच्या पुढच्या पायाची हाडं, कोंबडीचा पंख, चिंचेखाली सापडलेलं एक वाळकं वटवाघूळ. पोरांच्या हातात ते हाडं द्यायचे आणि म्हणायचे, बघा, वर एक हाड, खाली दोन, मग बारके खडे, मग बोटं. आता स्वतःचा हात चाचपा. पोरं आपापले दंड चाचपायची आणि एकमेकांकडं बघायची. मग ह्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "देवानं हा हात एका झटक्यात केला न्हाय, पोरांनो. त्यानं तो गिरवला. माशाच्या पोहायच्या पंखात गिरवला, बेडकात गिरवला, वटवाघळात गिरवला. अजून गिरवतोच आहे." शाळेत हेच वाक्य ते देवाशिवाय म्हणायचे, रविवारी देवासकट.

माझी श्रद्धा वेगळ्या जातीची होती. आईनं मला संतांच्या तसबिरी दिल्या होत्या, त्या मी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावल्या होत्या. मला सृष्टीच्या उगमाशी काही देणंघेणं नव्हतं. अडचणीत कुणाला हाक मारायची एवढं माहीत असलं की माझं भागत होतं. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्याही माझ्याच बाजूच्या. त्यांना वाचता येत नाही, पण तसबिरीतला प्रत्येक संत कसा जगला आणि कसा मेला हे त्या सख्ख्या भावकीतल्या माणसाचं सांगावं तसं सांगत. हे आम्हा दोघींची थट्टा करायचे. "तुमचे संत म्हणजे तलाठी-तहसीलदार. वरपर्यंत अर्ज पोचवणारे." मग गंभीर होऊन म्हणायचे, "तुम्हाला वाटतं देवाचं काम संपलं, आता फक्त तक्रारी ऐकायच्या उरल्यात. अगं, सृष्टी अजून बाळंत झालेली नाही. वेणा अजून चालू आहेत. माणूस तर आत्ता कुठं आलाय." बाळंतपणाची उपमा ते माझ्यासाठी वापरायचे, मला लवकर कळावं म्हणून. मी भाकरी थापता थापता हूं म्हणायची.

एका दुपारी ते बनियनवर पेपर वाचत बसले होते. मी चहा द्यायला वाकले आणि त्यांच्या दंडाकडं लक्ष गेलं. कातडीखाली किडे वळवळावेत तसं मांस आपोआप थरथरत होतं. त्यांना ते जाणवतही नव्हतं. कप माझ्या हातात तसाच राहिला. नर्सिंगच्या वर्गात ही खूण मी शिकले होते, पण पुस्तकाबाहेर कधी पाहिली नव्हती.

सोलापूरला मोठ्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासण्या केल्या. डॉक्टर भले होते, त्यांनी आम्हाला घाई केली नाही. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा मरत चालल्यात, म्हणाले. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल, गिळणं जाईल, शेवटी श्वास. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील. औषध नाही. ह्यांनी विचारलं, "कशामुळं होतं?" डॉक्टर म्हणाले, बहुतेकांच्या बाबतीत ते सांगता येत नाही. कधी कधी शरीराच्या सूचनांमध्ये एखादी चूक होते, एवढंच.

परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसले. बार्शी मागं पडल्यावर बोलले, "नक्कल करताना एखादं अक्षर चुकलं असेल. चुका होतात म्हणून तर माशाचा बेडूक झाला, पुढं माणूस झाला. चुका झाल्या नसत्या तर मीही नसतो. मग एखादी चूक माझ्या वाट्याला आली तर ओरडू कशाला?"

"मला हे नका सांगू," मी म्हणाले. "आज नका सांगू."

त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. तो हात मला ओल्या फडक्यासारखा जड लागला.

घरी आत्यांना सांगताना मी शब्द सोपे केले तरी त्यांना सगळं कळलं. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात भिंतीवरच्या एका संतापुढं उभ्या राहिल्या. कडेवर बाळ घेतलेला हा संत हरवलेल्या वस्तू शोधून देतो अशी आमच्या लोकांची श्रद्धा आहे. किल्ली हरवली, म्हैस हरवली, की याला हाक. आत्या त्याला म्हणाल्या, "माज्या लेकाच्या हाताची ताकद हारवलीय. कुठं पडलीय ते तुला ठाव आसंल. श्योधून दे. तवर म्या मिश्री लावणार न्हाय." लग्न होऊन आल्यापासून त्या रोज सकाळी दातांना तंबाखूची मिश्री लावत. त्या दिवसापासून बंद केली. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, पण डबीला हात लावला नाही.

दीड वर्षात ह्यांचे हात पुरते गेले. आधी बटणं गेली, मग घास, मग तोंडावरची माशी उडवणं. शाळा सुटली. पाय काठीवर, मग खुर्चीवर, मग खाटेवर आले. जीभ जड झाली आणि बोलणं फक्त मला आणि आत्यांना समजू लागलं. भेटायला येणाऱ्यांना मी ते पुन्हा म्हणून दाखवायची. नवऱ्याचं वाक्य आपल्या तोंडून म्हणायचं, आणि तो आपल्याकडं बघतोय, हे मला शेवटपर्यंत जड गेलं.

त्याच सुमारास दूरच्या गावाहून एक प्रार्थना करणारी मंडळी आली. दोघं पुरुष आणि एक बाई, स्वच्छ कपडे, हातात बायबल. आमच्या पंथाची नव्हती, पण ख्रिस्ती घर ऐकून आली होती. त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली. मग त्यातला वयानं मोठा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मास्तर माणूस माकडापासून झाला असं शिकवत होते ना? देवाच्या निर्मितीचा अपमान आहे तो. त्यांनी मोकळ्या मनानं कबूल केलं पाहिजे. मग बघा."

आत्या दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "माकडापासनं आला म्हून देवाला लाज वाटती व्हय? गोठ्यात जल्माला आला त्यो. शेणामुतात." मग हात जोडून म्हणाल्या, "या आता तुमी. च्या न्हाय करत."

खाटेवरून एक घरघर ऐकू आली. मी धावले, ठसका लागला की काय म्हणून. हे हसत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्यांना हात नव्हता. मी पुसलं. नंतर त्या घरात तसं हसणं झालं नाही.

फादर वयानं तरुण होते, आमच्या भागात नवीन आलेले. मोटरसायकलवरून यायचे. एका मिस्सेनंतर ते खाटेशी बसले तेव्हा ह्यांनी एक प्रश्न विचारला. तो मी त्यांच्या तोंडून उचलून फादरांना सांगितला. "फादर, मी आयुष्यभर सांगितलं की देव सृष्टी हळूहळू घडवतो, जे टिकत नाही ते गाळत गाळत पुढं जातो. तेव्हा मी कडेला उभा राहून बोलत होतो. आता मी गाळात आहे. जे गाळले जातात त्यांचं काय?"

फादर म्हणाले, "क्रुसावरचाही गाळलेलाच होता, मास्तर."

ह्यांनी थोडा दम घेतला आणि पुढचं वाक्य सांगितलं. ते मला उच्चारायला नको वाटत होतं, पण मी उच्चारलं. "तो तिसऱ्या दिवशी उठला. माझ्या खोक्यातली शेळी नाही उठली."

बाहेर कुणाचं तरी रेडकू ओरडत होतं. फादर म्हणाले, "मला माहीत नाही. मला शिकवलं त्यात याचं उत्तर असेल, पण तुमच्याकडं बघून ते मला सांगवत नाही." पुढच्या आठवड्यात ते मिस्सा नसताना आले, त्याच्या पुढच्याही आले. येऊन नखं कापून द्यायचे, दाढी करून द्यायचे. गिळणं बंद होत आलं तेव्हा पवित्र भाकरीचा तिळाएवढा कण चमच्यातल्या पाण्यात विरघळवून ते ह्यांच्या जिभेवर सोडायचे आणि घसा हलेपर्यंत तसेच वाकून थांबायचे.

बोलणं पूर्ण गेलं त्या दिवशी आत्यांनी कोनाड्यातून मिश्रीची डबी काढली. भिंतीवरच्या संतापुढं उभं राहून, त्याला दिसेल अशी, दातांना लावली. "तू तुजा शबुद पाळला न्हाईस," त्या म्हणाल्या, "मग म्या का पाळू?" तसबीर मात्र काढली नाही. रोज तिच्यासमोर उभ्या राहून मिश्री लावायच्या आणि बाहेर जाऊन थुंकायच्या.

घशातली लाळ ओढून काढायला विजेवरचं यंत्र आणलं होतं. आमच्याकडं वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. वीज गेली की मी पायानं दाबायचा पंप लावायची, पण ड्युटीवर असले की आत्यांना तो जमत नसे. शेजारचे शेतकरी, ज्यांची दोन्ही मुलं ह्यांच्या हाताखाली शिकली होती, एके सकाळी आपल्या घरातला इन्व्हर्टर बॅटरीसकट ट्रॅक्टरवर टाकून घेऊन आले. "आमाला काय, अंधारात जेवता येतंय," म्हणाले आणि स्वतःच जोडणी करून गेले. त्यांच्या घरी पुढं वर्षभर वीज गेली की अंधारच होता.

ह्यांच्याशी बोलण्यासाठी शाळेतून पहिलीच्या वर्गातला मुळाक्षरांचा तक्ता आणला. क कमळाचा, ख खटाऱ्याचा. मी अक्षरांवरून बोट फिरवायची आणि हवं ते अक्षर आलं की ते डोळे मिटायचे. काना, मात्रा, वेलांटी दाखवायला वेळ आणि दम दोन्ही लागे, म्हणून ते नुसती अक्षरंच सांगायचे आणि बाकीचं मी अंदाजानं भरायची. "प ण" म्हणजे पाणी. "ख ड क" म्हणजे खिडकी उघड. एवढ्यावर आमचा संसार चालला होता.

एका सकाळी त्यांनी "म" वर डोळे मिटले, मग "र" वर. मग थकून थांबले. आत्या मागून बघत होत्या. त्यांना अक्षरं येत नाहीत, म्हणून मी म्हटलं, "म आणि र म्हणतायत."

"मरिया," आत्या लगेच म्हणाल्या. "मरिया मातेला बोलावतोय त्यो." त्या आत गेल्या आणि मरिया मातेची तसबीर काढून त्यांच्या उशाशी आणून ठेवली.

माझ्या मनात दुसरंच आलं होतं. घशाला भोक पाडून नळी घालायची आणि श्वासाचं यंत्र लावायचं का, हे सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ह्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. जबरदस्तीनं श्वास ओढत राहायची सक्ती आपला धर्म करत नाही, असं फादरांनीही सांगितलं होतं. आता हे मला, मरू दे, असं म्हणतायत असं मला वाटलं. आत्या देवळात झाडायला गेल्यावर मी जवळ बसले. विचारलं, "मरियेला बोलावलं होतं?" डोळे उघडेच राहिले, म्हणजे नाही. "मरू द्यायचं? कंटाळलात?" तरीही उघडेच. मी पुन्हा तक्ता धरला. म. र. मग ण. मग बोट बरंच पुढं जाईपर्यंत ते बघत राहिले आणि "भ" वर डोळे मिटले.

"मरणाची भीती वाटतीय?"

त्यांनी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले.

मी त्यांच्याबरोबर एवढी वर्षं काढली, पण हा माणूस कशाला भ्यालेला मी पाहिला नव्हता. मरण नसतं तर आपल्या आधीच्यांनी जागा केली नसती, आपण आलोच नसतो, असं ते पोरांना किती सहज सांगायचे. मी रुग्णांची मरणं पाहिली आहेत, नातेवाइकांना काय बोलायचं ते मला येतं. ते सगळं बाजूला राहिलं. मी भांड्यात कोमट पाणी आणलं आणि त्यांचे पाय धुतले. पाय स्वच्छच होते.

आत्या परत आल्यावर मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, खाटेच्या कडेवर हात टेकून आधी एक गुडघा वर घेतला, मग दुसरा, आणि पोराच्या शेजारी जाऊन आडव्या झाल्या. खाट अरुंद. त्यांनी त्याला कुशीत घेतलं, तान्ह्याला घेतात तसं. आणि त्याच्या कानाशी सांगू लागल्या.

"भ्यालास व्हय? मंग? समदीच भ्याली. त्यो तसबिरीतला बाण लागलेला जवान बग, त्यो का हासत उभा व्हता? चित्र काढणाऱ्याला काय जातंय. आन् त्यो लोखंडी जाळीवर भाजलेला, त्यो काय वराडला नसंल? ती खोकून खोकून मेलेली कवळी जोगीण, तिला तर शेवटी देव हाय का न्हाय ह्येच कळंना झालं व्हतं म्हनं. संत झाली तरी. खुद्द क्रुसावरच्याला मरायच्या आदल्या राती घाम फुटला व्हता बागंत, रगताचा. भी तू. म्या हाय हितं."

त्या दिवसापासून आत्या रोज दुपारी त्या खाटेवर चढायच्या आणि एकेका संताचं मरण सांगायच्या. चमत्कार सांगायच्या नाहीत, नुसतं मरण. मी ड्युटीवरून यायची तेव्हा दोघंही झोपलेली असायची, तोंडं उघडी, एकाच उशीवर. ह्यांची भीती गेली असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांत ती मला दिसायची. पण एकदा त्यांनी तक्त्यावर मला "आ ई" एवढंच सांगितलं, आणि तिला देवळातून यायला उशीर झाला म्हणून दाराकडं बघत राहिले.

उसाच्या दिवसांत, सकाळची कामं उरकून मी त्यांचं तोंड ओल्या कापसानं पुसत होते. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, गाण्यांचा आवाज मोठा करून. श्वास दोन दिवस उथळ झालाच होता. तो आता थांबून थांबून येऊ लागला. मी आत्यांना हाक मारली. त्या ओल्या हातानं आल्या आणि खाटेवर चढल्या. शेजारणीला मी फादरांना फोन करायला सांगितलं. हे छताकडं बघत होते. मी त्यांच्या कानाशी आपली नेहमीची प्रार्थना सुरू केली, तिच्या मधेच श्वास थांबला, आणि प्रार्थना अर्धी सोडावी की पुरी करावी हे मला कळेना. मी पुरी केली. मग घड्याळ बघितलं, सवयीनं, आणि डोळे मिटवले.

आमचं कबरस्तान ओढ्यापलीकडं आहे. वर हातभर काळी माती, खाली मुरूम, आणि कमरेएवढं खणलं की काळा दगड. वस्तीतल्या माणसांनी पहारी वाकवल्या. शेवटी शेजाऱ्यांनी विहिरी खोदणाऱ्यांचा ब्रेकर आणला. फादर आले तेव्हा तो चालूच होता, धडधड, धडधड. प्रार्थनेसाठी तो बंद केला. प्रार्थना झाल्यावर लोक खड्ड्यात डोकावले आणि अजून थोडं हवं म्हणाले, म्हणून पुन्हा लावला. पेटी बाजूला उन्हात ठेवलेली. आत्या पेटीवर छत्री धरून बसल्या होत्या. शेवटी जेवढं झालं तेवढ्यावर भागवलं. कुत्री उकरतील म्हणून वर दगड रचले. मास्तरांचे विद्यार्थी, हिंदू घरांतले, मुसलमान घरांतले, रांगेनं येऊन मूठ मूठ माती टाकत होते. माती थोडीच होती, बरीचशी दगडांचीच कच होती.

मी लवकरच कामावर गेले. घरी बसून करायचं काय? थोड्या दिवसांनी ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई आणली. तोडणीच्या फडातच तिला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण होती. आम्ही सगळं केलं. मूल बाहेर आलं ते निळं, गळ्याभोवती नाळ, आणि ते रडलं नाही. मी त्याच्या पाठीवर चोळलं, तोंडातलं ओढून काढलं, फुंकर घातली. डॉक्टरांनी शेवटी माझ्या खांद्याला हात लावून मला थांबवलं. बाई मला विचारत राहिली, "काय झालं? पोरगा का पोरगी?"

मी तिला सांगितलं, मुलगी होती. पोरीला गुंडाळून तिच्याजवळ दिली. आणि मग साहित्याच्या खोलीत जाऊन मी ह्यांच्याशी भांडले, मोठ्यानं. म्हटलं, वेणा चालू आहेत म्हणत होता ना? मला बाळंतपण शिकवत होता? मी सांगते तुम्हाला बाळंतपण. प्रत्येक वेणेला लेकरू जिवंत येत नाही. हे तुमच्या सृष्टीला कुणी सांगितलंय का? त्याच खोलीत उभं राहून मला पहिल्यांदा नीट रडू आलं. ह्यांच्यासाठी की त्या निळ्या पोरीसाठी, मला सांगता येणार नाही. बाहेर आले तेव्हा ती बाई बाळाचं कपाळ बोटानं पुसत होती, हळूहळू, जणू ते उठेल. मी तिच्याजवळ स्टुलावर बसले. ड्युटी संपली तरी बसले.

मी प्रार्थना सोडली नाही. पण पूर्वी मी मागायची, आता मागत नाही. तसबिरींकडं बघते तेव्हा मला बाण दिसतात, जाळी दिसते, खोकला ऐकू येतो. ह्यांचं खरं होतं का, माणूस कुठंतरी पोचायच्या वाटेवर आहे का, हे मला ठाऊक नाही. वाटेवर असेल तर वाट फार मढ्यांवरून जाते, एवढं मी पाहिलं आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्यात मृतांचा दिवस असतो. त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात. पावसाळ्यानं ह्यांची कबर खचली होती, मधोमध पाणी साचून वाळल्याचा पापुद्रा होता. फादरांनी आणि शेजाऱ्यांनी घमेल्यांनी माती आणून भरली. वारा होता, मेणबत्त्या टिकेनात. आत्या कडेला दगडावर बसल्या होत्या. फादरांनी विचारलं, "आजी, काही प्रार्थना म्हणायची का तुम्हाला?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "मला इचारायचंय. वर गेल्यावर. तवर मनात धरून ठिवते, आता बोलले तर इसरंल." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माजं याच्या शेजारीच कर, पोरी. आन् आत्तापासनं खणाया लाव. दगुड लई हाय."

कुणी हसलं नाही, कारण त्या खरंच सांगत होत्या. शेजाऱ्यांनी मान हलवली आणि पावलांनी जागा मोजून पाहिली. फादरांनी एक मेणबत्ती हाताच्या आडोशानं पेटवली, ती विझली, पुन्हा पेटवली. आत्यांना गुडघ्यांमुळं एकट्यानं उठता येईना. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि ओढ्यातल्या दगडांवरून एकेक पाऊल सांभाळत आम्ही दोघी घराकडं निघालो.